दोन मैदानांची एक फायनल

एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली आणि गदा कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने नेली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली; ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. एकीकडे बाहेरगावचा मल्ल, दुसरीकडे घरची मुलगी. कुस्तीत दोन्ही चालतं. आखाडा एक, जोड एक, निकालही एकदाच. शेवटी झुंज दोन शरीरांची असते आणि गावाने कितीही आरोळ्या ठोकल्या तरी डाव त्या दोघांनाच टाकायचा असतो.

फुटबॉलमध्ये मात्र मैदान स्वतःच खेळतं. उद्या सातारा आणि सांगली यांच्यात फायनल ठरली, तर पहिला प्रश्न खेळाडूंचा नसेल, जागेचा असेल. साताऱ्यात घेतली तर सांगलीकर म्हणणार, मैदान त्यांचं, गर्दी त्यांची, प्रवासाने पाय आमचे जड. सांगलीत घेतली तर हीच तक्रार उलट दिशेने. यावर जगात दोन उत्तरं निघाली: एक म्हणजे तिसरीकडे खेळा, दुसरं म्हणजे दोन्हीकडे खेळा.

पहिलं उत्तर इंग्लंडचं. एफए कपची पहिली फायनल १८७२ मध्ये लंडनच्या केनिंग्टन ओव्हल या क्रिकेटच्या मैदानावर झाली आणि वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाला १-० ने हरवलं. हीच पद्धत गोऱ्या पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली. सिमल्याचा ड्युरँड कप १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा. संघांनी एका गावात जमायचं, हरणाऱ्याने सामान बांधायचं आणि शेवटचे दोघे त्याच मैदानावर भिडायचे. कोल्हापूरच्या तालमींचे संघही अजून शाहू स्टेडियमवरच एकमेकांशी लढतात. आपल्या भागात फुटबॉल रुजला तो असा, एका मैदानाचा. म्हणूनच दोन लेगची, म्हणजे दोन्ही संघांच्या घरी एकेक सामना होणारी फायनल म्हटली की इथल्या प्रेक्षकाला ती थोडी परकी वाटते.

दुसऱ्या उत्तराचं मूळ मध्य युरोपात आहे आणि त्यामागे न्यायाइतकीच पैशाची गरज होती. ऑस्ट्रियाने १९२४ मध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू केला. पाठोपाठ चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरीही त्या वाटेने गेले. खेळाडूंना पगार द्यायचा तर तिकिटं खपायला हवीत, आणि देशातल्या देशात ती पुरेशी खपत नव्हती. ऑस्ट्रियन फुटबॉल संघटनेचे चिटणीस ह्युगो माइस्ल यांनी शेजारी देशांच्या क्लबांची स्पर्धा मांडली. जुलै १९२७ मध्ये व्हेनिसच्या बैठकीत ती ठरली. तिचंच नाव पुढे मित्रोपा कप पडलं. प्रत्येक जोडीने दोनदा खेळायचं, एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या घरी, आणि दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करायची. त्यामुळे दोन्ही क्लबांना गेटचा पैसा मिळाला आणि मैदानाची तक्रारही मिटली. व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट ही शहरं रेल्वेने जोडलेली नसती, तर माइस्ल यांची कल्पना कागदावरच राहिली असती.

पहिली फायनल त्याच वर्षी झाली. प्रागमध्ये स्पार्टाने व्हिएन्नाच्या रॅपिडला ६-२ असं झोडपलं. दोन आठवड्यांनी व्हिएन्नात रॅपिडने २-१ ने सामना जिंकला, पण कप स्पार्टाचा ठरला, कारण बेरीज ७-४. शेवटचा सामना हरलेला संघ विजेता! त्या संध्याकाळी व्हिएन्नाच्या प्रेक्षकाला हे गिळणं किती अवघड गेलं असेल, याची कल्पना येते. पण या पद्धतीचं खरं बळही तिथेच दिसतं: एका संध्याकाळच्या नशिबावर कप जात नाही.

महायुद्धानंतर १९५५ मध्ये युरोपियन कप सुरू झाला, तेव्हा त्याच्या आधीच्या फेऱ्या दोन लेगच्या होत्या. फायनल मात्र एकाच सामन्याची ठेवली. दोन लेगची फायनल जपली ती त्याच वर्षी निघालेल्या फेअर्स कपने. व्यापारी जत्रा भरवणाऱ्या शहरांची ही स्पर्धा इतकी रेंगाळली की तिची पहिली फायनल १९५८ मध्ये झाली. लंडनमध्ये २-२ बरोबरी, बार्सिलोनात यजमानांचा ६-० विजय. पुढे तिची जागा यूएफा कपने घेतली आणि १९९७ पर्यंत त्याची फायनल दोन मैदानांवर होत राहिली.

पण या पद्धतीची सगळ्यात विलक्षण कहाणी दक्षिण अमेरिकेची. तिथे १९६० मध्ये लिबेर्तादोरेस कप सुरू झाला. दोन सामने व्हायचे, पण गोलांची बेरीज व्हायची नाही. दोघांनी एकेक सामना जिंकला की हिशेब बरोबरीत, मग एक चार गोलांनी जिंकलेला असो की एका. निकालासाठी तिसरा सामना तटस्थ देशात. १९८७ मध्ये कोलंबियातल्या कालीच्या अमेरिका क्लबने घरी उरुग्वेच्या पेन्यारोलला २-० ने हरवलं. माँटेव्हिडिओत पेन्यारोलने २-१ ने परतफेड केली. बेरीज धरली असती तर कालीचा संघ ३-२ ने विजेता ठरला असता. पण तिसरा सामना चिलीच्या सांतियागोत झाला. तो बरोबरीत सुटला असता तरी गोलफरकावर कप कालीलाच जाणार होता. जादा वेळेचीही शेवटची काही सेकंदं उरली होती, आणि पेन्यारोलच्या दिएगो आगिरेने गोल मारला. कालीचा हा ओळीने तिसरा फायनल पराभव. पुढच्या वर्षापासून तिथेही गोलफरक धरायला सुरुवात झाली.

बेरीजही सारखी झाली तर काय, यासाठी युरोपने १९६५ मध्ये नवा नियम काढला: परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे. पाहुण्या संघाने भिऊन गोलपाशी गर्दी करू नये, हा हेतू. आशियात २०१३ ची चॅम्पियन्स लीग अशीच सुटली. सोलमध्ये २-२, चीनच्या ग्वांगजौमध्ये १-१, आणि विजेता ग्वांगजौ एव्हरग्रांड. पुढे मात्र उलटच घडू लागलं, यजमान संघ गोल खायच्या भीतीने आखडू लागले, आणि २०२१ मध्ये यूएफा या युरोपच्या संघटनेने हा नियम रद्द केला. माझ्या मते ते योग्यच झालं. गोल तो गोल. त्याची किंमत गावानुसार बदलू नये.

दोन लेगच्या फायनलशी आपल्या बाजूचा क्लब सगळ्यात जवळ गेला तो २००८ मध्ये. आर्मांदो कोलासो यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्याच्या डेम्पोने आशियातल्या एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली आणि लेबनॉनच्या सफा क्लबकडून हार पत्करली. सफाने फायनलमध्ये बहारीनच्या मुहर्रकविरुद्ध दोन्ही लेग गमावले, बेरीज १०-५. डेम्पो पुढे गेला असता, तर आंतरराष्ट्रीय फायनलचा एक सामना भारतात रंगला असता. ती संधी पुन्हा आली नाही, कारण २००९ पासून या कपची फायनल एकाच सामन्याची झाली. आपल्या आयएसएलनेही २०१४ च्या पहिल्या मोसमात उपांत्य फेरी दोन लेगची ठेवली आणि फायनल नवी मुंबईत एकाच दिवशी उरकली.

ओहोटी सगळीकडेच लागली होती. यूएफा कपने १९९८ मध्ये दोन लेग सोडले. लिबेर्तादोरेसने २०१८ नंतर सोडले. त्या वर्षी ब्यूनस आयर्सचेच रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स समोरासमोर आले, दुसऱ्या लेगला येणाऱ्या बोकाच्या बसवर हल्ला झाला आणि सामना थेट माद्रिदला हलवावा लागला. आशियाच्या मोठ्या स्पर्धेची दोन लेगची शेवटची फायनल मे २०२४ मध्ये झाली: योकोहामात जपानी संघ २-१, अल ऐनमध्ये यजमान ५-१.

टीव्हीला एक रात्र, एक शहर, एक सोहळा सोयीचा, हे खरं. पण या सोयीची किंमत २०२५ मध्ये दिसली. आशियाई फायनलची जागा आधीच ठरली होती, जेद्दा; आणि फायनलला पोचला जेद्दाचाच अल-अहली. जपानच्या कावासाकीला परक्या शहरात ०-२ ने हार पत्करावी लागली, आणि आपल्या घरी परतीचा सामना त्यांना मिळालाच नाही. ज्या तक्रारीतून माइस्ल यांची कल्पना उभी राहिली होती, तीच तक्रार पुन्हा जिवंत झाली.

आफ्रिकेने मात्र आपल्या चॅम्पियन्स लीगमध्ये मधली काही वर्षं एका सामन्याची फायनल करून पाहिली आणि २०२३ मध्ये पुन्हा दोन मैदानांकडे वळली. २०२५ मध्ये कैरोच्या पिरॅमिड्सने प्रिटोरियात तिथल्या सनडाउन्सशी १-१ बरोबरी केली आणि कैरोत २-१ ने जिंकून कप घेतला. दोन्ही शहरांना आपली फायनल आपल्या घरी पाहता आली.

सातारा आणि सांगली ही तर एका दिवसात जाऊन यावं इतकी जवळ. इथल्या स्पर्धांच्या आयोजकांनी एखाद्या वर्षी फायनल दोन लेगची घ्यावी: एक रविवार साताऱ्यात, पुढचा सांगलीत, आणि बेरीज सारखी झाली तरच टायब्रेकर.