जीपमधली पितळी पिचकारी

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. प्रत्यक्ष नाही, तरी चित्रपटात खासच. परंतु तिच्या चालकाची गादी उचलून पाहण्याचा प्रसंग फार थोड्यांवर आला असेल. त्या गादीखाली पेट्रोलची टाकी होती आणि तीत सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावत असे. टाकी भरावयाची म्हणजे चालकाने आधी खाली उतरावयाचे, गादी बाजूला करावयाची आणि मग झाकण उघडावयाचे. जीप चालविणारा शिपाई अक्षरशः पेट्रोलवर बसून युद्धाला जात होता. त्याच्या डाव्या पायापाशी, पुढच्या पत्र्याच्या आतल्या बाजूस, एक छोटेसे अग्निशामक नळकांडे अडकविलेले असे. आजचा आपला विषय ते नळकांडे हाच आहे.

पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग विझण्याऐवजी पसरते. त्यामुळे मोटार रस्त्यावर आली तेव्हा घरांत आणि गिरण्यांत चालणारी जुनी अग्निशामके तिच्या कामाची ठरली नाहीत. फ्रान्समध्ये १८६६ साली सोडा व आम्ल यांवर चालणारे नळकांडे निघाले होते. त्यात सोड्याचे पाणी भरलेले असून वर काचेच्या बाटलीत आम्ल असे. दोन्ही एकत्र आली की वायूच्या दाबाने पाणी बाहेर फेकले जाई. हे यंत्र भिंतीवर निमूटपणे टांगून राहणारे. खड्ड्याखड्ड्यांतून उडत जाणाऱ्या गाडीत आम्लाची बाटली ठेवणे म्हणजे काय, ते वेगळे सांगावयास नको!

१९१० च्या सुमारास अमेरिकेतील पायरीन कंपनीने निराळी वाट काढली. आपल्या होळीच्या पिचकारीची थोरली बहीण शोभेल असा हा पितळी पंप. आत पाणी नव्हे, तर कार्बन टेट्राक्लोराइड नावाचा स्वच्छ, जड द्रव. दांडा मागेपुढे करावा, धार आगीच्या मुळाशी धरावी. द्रवाची क्षणात वाफ होई आणि हवेच्या पाचपट जड असलेली ती वाफ ज्वाळेवर बसे. हा द्रव विजेचा वाहक नव्हता, थंडीत सहजासहजी गोठत नव्हता, आणि त्याचा डागही राहत नव्हता. मोटारवाल्यास आणखी काय पाहिजे? मोटारींत, विमानांत आणि कारखान्यांत ही पिचकारी पाहता पाहता रूढ झाली.

१९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणीगाडीची मागणी केली, तेव्हा वजनाची मर्यादा इतकी कडक घातली होती, की पुढे विलीजच्या अभियंत्यांना नटबोल्ट व रंगाचा थरसुद्धा हिशेबात धरावा लागला. असा पौंडापौंडाचा झगडा चालू असता अग्निशामकाला गाडीत जागा मिळाली, आणि तीही चालकाच्या हाताशी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. जीप रस्ता सोडून जाणार. तिथे बंब येणार नाही, हे त्या आखणी करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

आता या कथेचा काळा भाग. कार्बन टेट्राक्लोराइड तापलेल्या धातूवर वा ज्वाळेत पडले, की त्यातून फॉस्जिन वायू निघू शकतो. हा तोच फॉस्जिन, जो १९१५ पासून पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत माणसे मारण्यासाठी सोडला गेला. म्हणजे एका युद्धातले अस्त्र पुढच्या युद्धात संरक्षक म्हणून शिपायाच्या पायाशी बसले. जीप उघडी गाडी. वारा असला तर वायू उडून जाई. बंद खोलीत, रणगाड्याच्या पोटात वा विमानात मात्र आग विझविणाराच गुदमरण्याचा धोका होता. शिवाय आग नसतानाही त्या द्रवाची वाफ यकृत व मूत्रपिंडे बिघडविणारी. या गोष्टी रसायनशास्त्रज्ञांना पहिल्या महायुद्धानंतर लवकरच कळून चुकल्या होत्या. तरी पिचकारी पुढे तीस-चाळीस वर्षे टिकली. मला वाटते, डोळ्यांसमोरची ज्वाळा आणि पुढे कधीतरी बिघडणारे यकृत यांच्या तराजूत माणूस नेहमी ज्वाळेलाच जड मानतो. त्यासाठी त्या काळच्या सैनिकाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नंतरचा इतिहास भराभर सांगता येईल. हॅलॉन नावाचे वायू आले. त्यांनी आग उत्तम विझविली, पण वातावरणातील ओझोनचा थर विरळ केला. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर त्यांचे उत्पादन प्रगत देशांत १९९४ पासून, आणि आपल्यासारख्या देशांत २०१० पासून बंद झाले. कार्बन डायऑक्साइड निरुपद्रवी वाटतो, पण उघड्या माळावर वाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. राहता राहिली कोरडी भुकटी. तिचा जुना प्रकार म्हणजे मुख्यतः आपला खाण्याचा सोडाच! पुढे अमोनियम फॉस्फेटची भुकटी आली. ती पेट्रोलप्रमाणेच लाकूड-गवताच्या आगीवरही चालते.

गवताचा उल्लेख मुद्दाम केला. मुंबईत माझगावला १९४९ साली जीप जुळविली जाऊ लागली, आणि ती आपल्या माळांवर, घाटांत, सर्वेक्षणाच्या वाटांवर फिरू लागली. रस्ता सोडलेल्या गाडीची आग पुष्कळदा इंजिनात लागतच नाही, ती पोटाखाली लागते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी स्पिनिफेक्स नावाचे राळयुक्त गवत आहे. ते गाडीखाली साठते, तापलेल्या सायलेन्सरला भिडते आणि पेटते. तिकडचे प्रवासी म्हणून मधूनमधून थांबून वाकून पाहतात आणि भुकटीबरोबर पाण्याचा फवाराही बाळगतात. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या पठारांवरचे वाळके कुसळी गवत पाहिले, की मला त्याची आठवण होते. जुन्नरकडच्या अशाच एका पठारावर मी हौसेने सजविलेल्या एका गाडीतून गेलो होतो. अग्निशामक कुठे आहे म्हणून विचारले, तर मालकाने अभिमानाने मागे बोट दाखविले. ते होते, पण तंबू, शेगडी आणि तांदळाची पिशवी यांच्या खाली. एक किलोचे नळकांडे जेमतेम आठ-दहा सेकंद चालते. ते काढावयास आम्हांला किती वेळ लागला असता, याचा हिशेब मी उतरेपर्यंत करीत होतो.

जुन्या जीपगाड्या पुन्हा घासून-पुसून उभ्या करणारे हौशी लोक आता आपल्याकडेही आहेत. मूळची पितळी पिचकारी मिळविण्याची त्यांना मोठी ओढ. लिंबू-राखेने चकचकीत करून ती जुन्या जागी बसविली, की गाडीला शोभा येते हे खरे. पण अशा एखाद्या पिचकारीत ते जुने औषध अजून शिल्लक असू शकते. उचलताना आत द्रव डुचमळल्याचा आवाज आला, तर दांडा ओढून पाहू नये, झाकण उघडू नये. जाणत्या रसायनतज्ज्ञाकडे ती द्यावी, आणि गाडीत तिच्या शेजारी भुकटीचे साधे लाल नळकांडे बसवावे.