अकीक की जॅस्पर? दगडाचा स्लॅब कसा कापतात, कसा ओळखतात आणि धूळ का टाळायची

बटाट्यासारखा दिसणारा एक मळकट दगड. त्यावर फिरणारं पातं, पाण्याची धार, आणि दोन भाग वेगळे होताच आत करड्या-निळ्या पट्ट्यांचं सुंदर चित्र! असा रील तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. तो पाहून अनेकांना वाटतं, ‘घरात ग्राइंडर आहेच, आपणही करून बघू.’

हा छंद घरी करता येतो. पण त्या अर्ध्या मिनिटात दोन गोष्टी दिसत नाहीत. पहिली म्हणजे, कोणता दगड कापायचा हे आधी ओळखावं लागतं. दुसरी म्हणजे, हा दगड कोरडा कापला तर उडणारी धूळ फुप्फुसं कायमची निकामी करू शकते.

अकीक आणि जॅस्पर म्हणजे नेमकं काय?

दोघेही एकाच घरातले. दोन्ही मुख्यतः सिलिकाचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या गारगोटीचेच भाऊबंद. फरक इतकाच की यांचे स्फटिक इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

अकीक (इंग्रजीतलं अ‍ॅगेट, रत्नबाजारात हकीक) अर्धपारदर्शक असतो आणि त्यात बहुधा एकावर एक पट्टे असतात. जॅस्परमध्ये लोहाची संयुगं, माती असे इतर घटक बरेच मिसळलेले असतात. त्यामुळे तो लाल, पिवळा, तपकिरी किंवा हिरवा दिसतो आणि त्यातून उजेड आरपार जात नाही. एकाच दगडात अर्धा भाग अकीक आणि अर्धा जॅस्पर असंही होतं. अशा दगडाला ‘जॅस्प-अ‍ॅगेट’ म्हणतात.

महाराष्ट्रात हे दगड कुठून आले?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी या पोकळ्यांत झिरपलं आणि आतल्या भिंतीवर थर जमत गेले. अकीकातले पट्टे म्हणजे हेच थर.

भोवतीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झिजून त्याची माती होते. अकीक कठीण असल्याने टिकतो आणि नदीपात्रात किंवा नांगरलेल्या शेतात सापडतो. माणसाने त्याचा उपयोगही फार पूर्वी ओळखला. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत याच जातीच्या दगडाची पाती सापडली आहेत.

कापण्याआधी ओळखायचं कसं?

ओला करून बघा. पाण्यात बुडवलेला दगड साधारण पॉलिश केल्यावर दिसेल तसा दिसतो. रंग, पट्टे आणि भेगा लगेच कळतात.

टॉर्च लावा. अंधारात दगडाच्या पातळ कडेमागे मोबाइलचा टॉर्च धरा. कड मेणासारखी उजळली तर अकीक, अजिबात उजळली नाही तर जॅस्पर असण्याची शक्यता जास्त.

चाकूने ओरखडा. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोस मापक्रमावर या दोघांचा क्रमांक ६.५ ते ७ आहे. साध्या चाकूने त्यांच्यावर चरा पडत नाही. चरा पडला, तर तो दगड बहुधा कॅल्साइट किंवा झिओलाइट गटातला आहे. आपल्याकडच्या खाणींत मिळणारी झिओलाइटची स्फटिकं मऊ आणि ठिसूळ असतात. त्यांच्यावर पातं चालवू नका, ती आहेत तशीच सुंदर दिसतात.

तुटलेली कड पाहा. अकीक आणि जॅस्पर शिंपल्यासारख्या गोलसर वळणात फुटतात. काचही तशीच फुटते. पण काचेत भिंगाखाली अनेकदा गोल बुडबुडे दिसतात.

एकाच चाचणीवर निकाल देऊ नका. तीन चाचण्यांचं उत्तर जुळलं, तरच नाव पक्कं करा.

विकत घेताना फसगत कुठे होते?

भडक गुलाबी, जांभळा किंवा गडद निळा अकीक दिसला, तर तो रंगवलेला आहे असंच धरून चाला. अकीकात सूक्ष्म छिद्रं असल्याने तो रंग शोषतो. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन या गावात एकोणिसाव्या शतकापासून अकीक रंगवला जातो. भेगांच्या कडेला रंग जास्त गडद झालेला असेल, तर ती रंगवल्याची खूण. रंगवणं हा गुन्हा नाही, पण नैसर्गिक म्हणून जास्त पैसे घेणं ही फसवणूक आहे.

नावांवरही जाऊ नका. ‘डाल्मेशियन जॅस्पर’ नावाने विकला जाणारा काळ्या ठिपक्यांचा दगड मुळात जॅस्परच नाही, तो अग्निजन्य खडक आहे. फरशीच्या दुकानातला पट्टेदार ‘ओनिक्स’ बहुतेक वेळा कॅल्साइट असतो. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की बारीक फेस येतो. अकीकावर येत नाही.

स्लॅब कसा कापतात?

इथे स्लॅब म्हणजे दगडाचा साधारण ५ ते ८ मिलिमीटर जाडीचा सपाट काप. त्यासाठी कडेला हिऱ्याचे कण बसवलेलं पातं लागतं. हे पातं दगड चिरत नाही, घासून वाट काढतं. म्हणून जोर लावून उपयोग नाही. घाई केली की पातं वाकतं किंवा दगड फुटतो.

मोठ्या यंत्रात दगड शिकंज्यात घट्ट धरलेला असतो आणि पातं तेलात भिजत फिरतं. लहान यंत्रात पाणी वापरतात. सुरुवातीला पाण्यावर चालणारा टेबल टाइल कटर पुरतो. हातात धरायच्या ग्राइंडरवर पाणी ओतत कापू नका. शॉक लागू शकतो, आणि दगड निसटला तर बोटांवर बेततं.

दिशाही महत्त्वाची. पट्टेदार गोळा मधोमध, पट्ट्यांना आडवा कापला तर पूर्ण नक्षी उघडते. पट्ट्यांना समांतर कापला तर हाती एकाच रंगाचा सपाट तुकडा येतो.

त्यानंतर घासकाम. सिलिकॉन कार्बाइडची पूड ८०, २२०, ६००, १२०० अशा क्रमाने, जाड ते बारीक वापरतात. शेवटी सेरियम ऑक्साइडने चकाकी आणतात. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि हात स्वच्छ धुवा. जाड पुडीचा एक कण राहिला तरी शेवटच्या पॉलिशवर ओरखडा उमटतो. जॅस्परमधले मऊ भाग आधी झिजून खड्डे पडतात, तिथे दाब कमी ठेवा.

धुळीला इतकं का घाबरायचं?

गुजरातमधलं खंभात अकीकाच्या मण्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. या भागातली मणी बनवण्याची परंपरा हडप्पा काळापर्यंत मागे जाते. पण तिथल्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा आजार मोठ्या प्रमाणात आढळला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यावर अभ्यासही केले आहेत. अनेकदा काम घरातच चालतं, त्यामुळे धूळ कुटुंबापर्यंत पोचते.

सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन रुततात. तिथे व्रण तयार होतात आणि श्वास अपुरा पडू लागतो. हे व्रण भरून येत नाहीत, सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. क्षयरोगाचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीला कर्करोगकारक ठरवलं.

म्हणून हे नियम पाळाच:

- दगड नेहमी ओला ठेवूनच कापा आणि घासा.
- कापडी मास्क किंवा रुमाल चालत नाही. किमान एन-९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा.
- यंत्र स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नका. त्याच्या लाइनला अर्थ लीकेज ब्रेकर हवाच.
- उरलेला चिखल वाळू देऊ नका. वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, सिंकमध्येही ओतू नका.
- कामाचे कपडे झटकू नका, वेगळे धुवा.

दगड कुठूनही उचलता येतात का?

नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ३१ खनिजं गौण खनिजांच्या यादीत घातली, त्यात अकीक आणि जॅस्परही आहेत. त्यामुळे उत्खननासाठी परवानगी लागते. शेतातला सुटा दगड उचलायचा तरी आधी मालकाला विचारा. गडकिल्ले, अभयारण्यं आणि पुरातत्त्वीय जागांवरून काहीही उचलू नका. तुम्हाला जी साधी कपची वाटते, ती हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलेलं हत्यार असू शकते.

आणि दगड घरी आणलात, तर तो कुठे आणि कधी मिळाला याची चिठ्ठी त्याच दिवशी त्याच्यासोबत ठेवा. पॉलिश दहा वर्षांनीही करता येतं, पण विसरलेलं ठिकाण दगडाकडे बघून सांगणं जाणकारालाही अवघड जातं.