महाराजांची पाठ, लंडनचा पडदा

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात निजामाच्या पाठोपाठ मुजऱ्याचा मान बडोद्याचा होता. सयाजीराव गायकवाड साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात छडी घेऊन पुढे आले. ज्या खजिन्यात ‘स्टार ऑफ द साउथ’ हिरा आणि सात पदरी मोत्यांचा हार होता, त्याचा धनी दागिन्यांवाचून आला होता. सम्राट पंचम जॉर्जपुढे ते एकदाच वाकले आणि रिवाजाप्रमाणे मागच्या पावलांनी सरायचं सोडून पाठ फिरवून चालू लागले. प्रकार मिनिटभराचाही नव्हता, पण समोर कॅमेरे चालू होते.

पूर्वीच्या काळी असली गोष्ट दरबारातल्या कुजबुजीत विरली असती. रेसिडेंटाने एखादा खरमरीत अहवाल धाडला असता, एवढंच. १९११ साली तसं होणार नव्हतं. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी ‘गायकवाडांनी सम्राटाचा अपमान केला’ अशी ओरड सुरू केली, आणि काही आठवड्यांत दरबाराच्या चित्रफिती लंडनच्या थिएटरांत लागल्या. फेब्रुवारी १९१२ मध्ये चार्ल्स अर्बनचा किनेमाकलर पद्धतीचा रंगीत दरबारपट स्काला थिएटरात आला. पडद्यावर गायकवाड दिसले की प्रेक्षक हुर्यो करत.

यात चित्रफितीचा दोष किती? कॅमेऱ्याने दिसलं ते टिपलं. प्रेक्षक मात्र काय पाहायचं ते पेपरात वाचूनच खुर्चीत बसत होते. ‘नीट बघा, पाठ दाखवली’ असं आधी कुणी बजावलं नसतं, तर राजेरजवाड्यांच्या त्या लांबलचक रांगेत एक पांढरा अंगरखा कितीजणांच्या नजरेत भरला असता? आज चित्रफितीवर चार शब्दांचा मथळा चिकटवून ती पुढे ढकलणारे नेमकं हेच करतात. फरक वेगाचा आहे.

सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना खुलाशाचं पत्र लिहिलं. सोहळ्याच्या भव्यतेने आपण गोंधळलो, आधी फक्त निजामच गेले होते आणि त्यांचा मुजरा नीट पाहता आला नाही, असा त्याचा आशय होता. पत्र छापूनही आलं. त्याने गदारोळ पुरता शमला नाही. खुलाशाच्या पत्राला हुर्योची सर कुठून येणार! महाराजांच्या मनात नेमकं काय होतं, यावर चरित्रकारांचं आजही एकमत नाही.

बडोद्यात क्रांतिकारकांना थारा मिळतो, हा इंग्रज सरकारचा संशयही काही हवेतला नव्हता. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. संस्थानातल्या मेहसाण्याच्या नरसिंहभाई पटेलांनी तर ‘वनस्पतिनी दवाओ’ अशा निरुपद्रवी नावाखाली बॉम्ब बनवण्याची माहिती छापली होती. मुखपृष्ठ झाडपाल्याचं आणि आत स्फोटकं! छापखान्यावर नजर ठेवणाऱ्यांची झोप उडाली नसती तरच नवल.

गंमत अशी की ज्या यंत्राने महाराजांची नाचक्की केली, त्याच जातीचं यंत्र त्याच सुमारास बडोदे संस्थानाच्या खेड्यांत शिक्षणाच्या कामाला लागत होतं. १९०६ साली संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं होतं. पण शाळा सोडलेली पोरं अक्षरं विसरू नयेत म्हणून वाचनाची सोय हवी होती. त्यासाठी १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावण्यात आलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून फिरती वाचनालयं गावोगाव जाऊ लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याच्या दृक्‌शिक्षण शाखेकडे मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप आणि सिनेमाचं यंत्र होतं. स्टिरिओस्कोपच्या कार्डावर एकाच दृश्याची जवळजवळ सारखी दोन चित्रं शेजारी शेजारी असतात. दोन भिंगांतून पाहिलं की ती एक होऊन त्यांना खोली येते. दूरचं शहर कधीच न पाहिलेल्या माणसाला ते असं डोळ्यांपुढे उभं दिसे.

मात्र या पेट्यांत आणि यंत्रांत काय भरायचं हे खातं ठरवी. मोबाइलमध्ये काय येईल ते कुणीच ठरवत नाही, आणि त्याची किंमत बडोद्याने मोजली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये, ऐन नवरात्रात, फेसबुकवरच्या एका आक्षेपार्ह चित्रावरून शहरात दंगल भडकली आणि मोबाइल इंटरनेट काही दिवस बंद ठेवावं लागलं. अफवा रोखायला बंदी घालावी, तर आपली माणसं सुखरूप आहेत का हे विचारायचा मार्गही तिनेच तुटतो. हा पेच अजून सुटलेला नाही.

उलट बाजू बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने दाखवली. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला, नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्या. गल्लीतल्या पाण्यात कुत्र्यावर झडप घालणाऱ्या मगरीची चित्रफीत देशभर फिरली. तिच्याइतकीच दुसरीही फिरली: गळ्याएवढ्या पाण्यातून डोक्यावरच्या टबात तान्हं मूल नेणारा पोलिस उपनिरीक्षक. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात २७ ते २९ या तीनच दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या. अशा वेळी अंगणातल्या मगरीचा व्हिडिओ कामाचा ठरतो, पण त्यासोबत सोसायटीचं नाव आणि वेळ असली तरच. नाहीतर तो शंभर ग्रुपांवर फिरतो आणि पिंजरा घेऊन निघालेल्यांना कुठे जायचं तेच कळत नाही.