केसगळती

केसगळती : डोक्यावरचे केस नेहमीपेक्षा जास्त झडणे. हा स्वतंत्र रोग नव्हे. अनेक वेगवेगळ्या बिघाडांचे ते एक लक्षण आहे. कारण शोधताना केस किती गेले यापेक्षा कधीपासून जाऊ लागले, ही माहिती डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते. महाराष्ट्रात याचा ठळक दाखला बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याने 2024 च्या डिसेंबरअखेरीस दिला.

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्वचेबाहेर दिसणारा भाग निर्जीव. जिवंत असते ते त्वचेतले मूळ. मूळ ज्या कूपात असते त्याचा आडवा छेद गोल असेल तर केस सरळ येतो, लंबगोल असेल तर लहरी, आणि चपटा असेल तर कुरळा. त्यामुळे तेल, शिकेकाई वा वस्तरा यांनी केसाचा मूळ प्रकार बदलत नाही. जावळ काढल्यावर केस दाट येतात हा समजही तसाच निराधार आहे. वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही. बाळाचे जन्मजात केस पहिल्या काही महिन्यांत आपोआपही गळतात आणि त्यांच्या जागी जाड केस येतात. श्रेय मात्र न्हाव्याला मिळते.

माणसाच्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. प्रत्येकाचे चक्र स्वतंत्र चालते. वाढीचा काळ 2 ते 6 वर्षांचा. या काळात केस महिन्याला सुमारे 1 सेंमी. वाढतो. मग 2–3 आठवड्यांत मूळ आक्रसते आणि सुमारे 3 महिने केस नुसता अडकून राहतो. शेवटी तो पडतो आणि त्याच कूपातून नवा येतो. कोणत्याही वेळी 85 ते 90 टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेले गळण्याच्या वाटेवर, म्हणून दिवसाला 50 ते 100 केस जाणे ही रोजची रीत आहे. फणीतून निघालेला गुंतवळ उजेडात धरून पाहिला, तर बऱ्याच केसांच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. आयुष्य पुरे करून आपणहून गळालेल्या केसाची ती खूण. अनेकांना तीच पाहून केस ‘मुळासकट’ गेल्याची भीती वाटते. कूप जागेवरच असतो. केस विंचरलेच नाहीत, तर हे रोजचे गळालेले केस खाली न पडता उरलेल्या केसांत गुरफटतात आणि जट तयार होते. मराठवाड्यात व सीमाभागात ती देवीची म्हणून राखली जाते आणि बाईची मान वर्षानुवर्षे ते ओझे वाहते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक स्त्रियांच्या जटा समजूत घालून कापल्या आहेत.

मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा जबर मानसिक धक्का यांमुळे वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. पण विश्रांतीचा काळच तीन महिन्यांचा असल्याने गळती सुरू होते ती दोन-तीन महिन्यांनी. किल्लारीचा (ता. औसा, जि. लातूर) भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. तशा धक्क्याने कुणाचे केस जाणार असतील, तर हिशेबाने ते त्या डिसेंबर-जानेवारीत, पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर. मग दोष बोअरच्या पाण्याला नाहीतर साबणाला दिला जातो. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. या काळात विकली जाणारी तेले त्याचेच यश आपल्या नावावर मांडतात.

पुरुषी टक्कल वेगळे. त्यात आनुवंशिकता आणि एक संप्रेरक यांमुळे कूप वर्षावर्षाला लहान होतो आणि दाट केसांच्या जागी लव उरते. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच कूपावर उलटते आणि रुपयाएवढा गुळगुळीत गोल पडतो.

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत यातले काहीच नव्हते. डोके खाजू लागल्यावर तीन-चार दिवसांत ओंजळीने केस हातात येऊ लागले. 18 गावांतील 279 जणांना हा त्रास झाला. त्यांत तरुण मुलीही होत्या. बातम्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन टाकले, ठरत आलेल्या सोयरिकी अडल्या आणि संशय आधी पाण्यावर व बुरशीवर गेला. खरे तर इतक्या थोड्या दिवसांत केस जाणे ही विषबाधेची ओळखीची चाल आहे : वाढीत असलेल्या मुळावरच घाव बसतो, त्यामुळे तीन महिन्यांची वाट पाहावी लागत नाही. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले, मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांतील गव्हाचे नमुने तपासून घेतले. त्यांच्या निष्कर्षानुसार रेशनच्या गव्हात किलोमागे 14.52 मिग्रॅ. सेलेनियम होते, स्थानिक गव्हाच्या सुमारे 600 पट. धुतल्यावरही ते 13.61 मिग्रॅ. राहिले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम अनुक्रमे 35, 60 आणि 150 पट वाढलेले आढळले. दिवसाला 300 ग्रॅम असा गहू पोटात गेला, तर सेलेनियम 4 मिग्रॅ.च्या वर जाते. प्रौढाला सोसणारी कमाल मर्यादा 0.4 मिग्रॅ. आहे.

हा गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचे बावस्करांचे म्हणणे. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागांत शिवालिकच्या पायथ्याची जमीन सेलेनियमयुक्त आहे, हे आधीपासून माहीत होते. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी येथे 1960 च्या दशकात सेलेनियममुळेच लोकांचे केस आणि नखे गेली होती. सेलेनियम गंधकाचा रासायनिक भाऊबंद असल्याने केराटिनमध्ये गंधकाच्या जागी शिरते आणि तंतू कच्चा राहतो.

नखेही केराटिनचीच, पण महिन्याला जेमतेम 3 मिमी. वाढणारी. त्यामुळे डोक्यावर केस पुन्हा उगवू लागल्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये, त्याच गावांत नखे विद्रूप होऊन गळू लागल्याच्या तक्रारी आल्या.