शेवटाच्या आधीचे बंड

कोल्हापूरच्या सिनेमाची गोष्ट सांगणारे बहुधा कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली ती दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याच्या बळावर, आणि खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचे स्मारकही आहे. पण १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, तेव्हा त्या यंत्राइतकीच धाडसाची गोष्ट यंत्रासमोर उभी होती. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रिया कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नवी नावे घेऊन त्यात उतरल्या होत्या. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ सालीच दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकींनी कामे केली होती, म्हणून कोल्हापूरला पहिलेपणाचा मान सांगता येणार नाही. तरी सात वर्षांनंतरही या दोघींना जातीने वाळीत टाकले आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. मराठी पडद्यावरच्या बंडखोर नायिकेचा इतिहास पटकथांमधून शोधायला गेले तर तो अपुरा सापडतो. बंड आधी नटीने केले, पात्राच्या वाट्याला ते मागाहून आले. आणि पात्राच्या वाट्याला आले तेव्हाही ते चित्रपटाच्या शेवटात क्वचितच राहिले. ते मधल्या रिळांत आहे, तिथेच शोधायला हवे.

सैरंध्रीची निवडही साधी नव्हती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता आणि विटंबना झालेल्या द्रौपदीत देश. त्या रूपकात बाई महत्त्वाची होती, पण कशाची तरी प्रतिमा म्हणून. महाभारतातली सैरंध्री, म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी, मात्र नुसती प्रतिमा नाही. कीचकाने लाथ मारल्यावर ती भर दरबारात विराटाला जाब विचारते, धर्मराज गप्प बसलेला पाहते आणि रात्री स्वतःच्या पायांनी मुदपाकखान्यात जाऊन झोपलेल्या भीमाला उठवते. वध भीमाच्या हातून होतो, निर्णय तिचा असतो. पडद्यावरचा कीचकवध इतका भडक वाटला की त्या दृश्यावर कात्री चालली. म्हणजे पुरुषाचा पराक्रम कापला गेला. त्याच सुमाराला कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवाविवाहाला कायद्याची मान्यता दिली होती आणि १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता. कायदा पुढे गेला होता, जात मागे होती. वाळीत पडलेल्या दोन नट्या या दोहोंच्या मधल्या जागेत उभ्या होत्या. त्यांची नावे कॅमेऱ्याच्या स्मारकाइतकीच या शहराच्या तोंडी असायला हवीत.

त्यानंतर बारा वर्षांनी याच शहरात तारामती उभी राहिली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली तारामतीचे काम खाणावळीत नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केले होते, कारण त्या कामाला बाई मिळेना. महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीने १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट म्हणून तीच हरिश्चंद्राची कथा ‘अयोध्येचा राजा’ या नावाने केली. या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे: मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या, दोन मुलांच्या आई. त्याआधीच्या एका चित्रपटातल्या छोट्या कामावरून त्यांच्यावर भरपूर टीका झाली होती, तरी त्या कोल्हापूरला आल्या. आता पात्र पाहावे तर तारामतीइतकी आज्ञाधारक बाई शोधून सापडायची नाही. नवऱ्याच्या शब्दासाठी ती बाजारात विकली जाते आणि तक्रारीचा स्वर काढत नाही. कागदावरच्या तारामतीत बंड शून्य आहे. ते आहे खाणावळीतल्या साळुंक्यांपासून दुर्गाबाईंपर्यंतच्या एकोणीस वर्षांत. पांढरपेशा घरातली बाई चारचौघांसमोर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात बोलते, हे त्या काळच्या प्रेक्षक स्त्रीला पातिव्रत्याच्या कथेहून वेगळे काहीतरी सांगत असणारच.

त्याच वर्षी, त्याच कंपनीने, त्याच दुर्गाबाईंना घेऊन ‘माया मच्छिंद्र’ केला. नाथपंथाच्या कथांतले स्त्रीराज्य त्यात आहे. पुरुषांचा वाराही नको असलेल्या राज्याची राणी, आणि तिच्यासोबत खराखुरा पाळीव चित्ता. इथे पात्रालाही सत्ता मिळाली. हरकत अर्थात समोरच उभी आहे: हे राज्य शेवटी माया ठरते, गोरखनाथ गुरूला सोडवायला येतो आणि सारे विरून जाते. म्हणजे बाईचे राज्य हा भ्रमच, असा धडा नाही का? कथेचा हेतू तसा आहे, हे मान्य करायला हवे. पण सिनेमा हेतूने पाहिला जात नाही, डोळ्यांनी पाहिला जातो. चित्त्याशेजारी बसलेली, हुकूम सोडणारी बाई ज्याने एकदा पाहिली, त्याला ती माया होती हे नंतर सांगून ते दृश्य परत घेता येत नाही. शिवाय ज्या शहराच्या गादीची स्थापना औरंगजेबाशी सात वर्षे लढलेल्या ताराराणीने केली, तिथल्या प्रेक्षकाला राज्य चालवणारी बाई म्हणजे निव्वळ कल्पना वाटण्याचे कारण नव्हते. राणीची आठवण जपणारा समाज घरच्या सुनेला तेच स्वातंत्र्य देतो असे नाही, हेही तितकेच खरे. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची होती. राज्यातून वाड्यात, वाड्यातून माजघरात उतरण्याची.

ती पायरी कोल्हापुरात घडली नाही, पुण्यात घडली. प्रभात १९३३ मध्ये तिकडे गेली. तरी हात कोल्हापूरचेच होते. १९३६ च्या ‘अमर ज्योती’त दुर्गाबाईंची सौदामिनी पोटच्या मुलाचा ताबा कायदा आईला देत नाही म्हणून समुद्रावर चाचेगिरी पत्करते. हक्क नेमका ओळखता येतो, देश मात्र काल्पनिक आहे. पुढच्याच वर्षी ‘कुंकू’ने तेही पांघरूण काढले. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेल्या या चित्रपटात शांता आपटेंची नीरा काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधली जाते आणि त्याच्याशी संसार करायला साफ नकार देते. देवलांच्या ‘शारदा’त १८९९ साली हाच प्रश्न होता. तिथे लग्न मोडते ते वर सगोत्र निघतो म्हणून; मुलीची नामर्जी त्याला पुरेशी ठरत नाही. ‘कुंकू’त गोत्र आड येत नाही, ‘शारदा’तल्यासारखा कोदंड धावून येत नाही. लग्न लागून जाते, आणि त्यानंतर एक मुलगी रोज नाही म्हणत राहते. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवलेच नाही; घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत राहते आणि आरशासमोर आपले वय लपवू पाहणाऱ्या काकासाहेबांना ते सोसवत नाही. मराठी घरात ऐकू येईल इतक्या जवळचा हा नकार आहे, आणि त्याची ताकद त्या जवळिकीत आहे.

इथेही शेवटाची हरकत येतेच, आणि ती सर्वांत जड आहे. नीरा सुटते ती काकासाहेब जीव देऊन तिला मोकळी करतात म्हणून. मुक्ती पुरुषाच्या हातून आली, त्याच्या त्यागाने तो मोठा झाला, ती पुन्हा ऋणी. ही टीका मला रास्त वाटते. मात्र काकासाहेबांना आपला अन्याय दिसू लागतो तो नीरेने तो रोज त्यांच्यासमोर ठेवल्यामुळे. ती रडून गप्प बसली असती तर त्यांचे डोळे उघडण्याचे कारणच उरले नसते. शेवट त्या काळच्या समाजाशी, पुरुष लेखकाशी आणि तिकीटबारीशी तडजोड करून लिहिला जातो. नकाराचे प्रसंग लिहिले जातात तेव्हा ती तडजोड अजून झालेली नसते. पुरुषांनी लिहिलेली पात्रे ही, त्यांत स्त्रीचे काय, असे म्हणणाऱ्यांनी शांता आपटेंकडे पाहावे. १९३९ मध्ये कराराच्या वादावरून त्यांनी प्रभातच्याच फाटकात उपोषण केले, आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहून त्या धंद्याची आतली बाजू स्वतः मांडली. नीरा कुणी लिहिली हे ठाऊक आहे. हे उपोषण मात्र कोणत्याही पटकथेत नव्हते.

कोल्हापुरात मागे राहिलेल्या सिनेमाने पुढची दोन-तीन दशके वेगळी वाट धरली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सापडला आणि पुन्हा उभा राहिला, हे त्या माणसाच्या जिद्दीचे लक्षण. पण त्यांच्या नायिका ‘थोरातांची कमळा’, ‘मोहित्यांची मंजुळा’ अशा घराण्याच्या नावाने ओळखल्या गेल्या आणि त्यांचे तेज बहुतेक कुळाच्या अब्रूसाठी खर्ची पडले. सोशिक बाईची मूर्ती याच काळात पक्की झाली. धक्का आला तो अनपेक्षित ठिकाणाहून, तमाशापटातून. कोल्हापूरच्याच अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’त (१९५९) पाटलाच्या पापाची फिर्याद कचेरीत जात नाही, ती फडावर, वगातून, गाव समोर बसलेले असताना मांडली जाते. पुण्याच्या विजयानंदला हा चित्रपट १३१ आठवडे चालला. त्यातल्या गर्दीचा मोठा भाग लावणी पाहायला येत होता, नायिका ऐकायला नव्हे, आणि पुढच्या तमाशापटांनी पाहणेच वाढवले, ऐकणे विसरले. त्या चित्रपटातल्या हंसा वाडकरांनी मात्र ते ध्यानात ठेवले. त्यांचे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले तेव्हा त्याचेही नाव ‘सांगत्ये ऐका’ होते, आणि त्यात त्यांनी नवरा, दारू, पळून जाणे, परत येणे यांपैकी काहीही झाकले नाही. श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये त्यावरून ‘भूमिका’ केला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटातली नायिका उषा शेवटी कोणाच्याच घरी परतत नाही.