काजूची फेणी

फेणी : गोव्यात काजूच्या बोंडांपासून काढले जाणारे मद्य. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. मार्च ते मे या हंगामात पिकून आपोआप गळालेली बोंडेच वेचतात. ती कोळंबीत, म्हणजे खडकात कोरलेल्या कुंडात, पायाने तुडवून रस काढतात, तो काही दिवस आंबू देतात आणि मग ऊर्ध्वपातनासाठी भट्टीवर चढवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे सौम्य मद्य म्हणजे हुर्राक. त्यात आंबवलेला रस मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते. तिच्यात मद्यार्क सुमारे 43 टक्के असतो. कोरियातील आन्दोंगची तांदळाची सोजू साधारण याच तीव्रतेची, पण फेणीचा उग्र फळदरवळ तिला नाही. नवख्याला तो खुपतो. वास्तविक फेणीची सारी श्रीमंती त्यातच आहे, आणि गोड शीतपेयाखाली तो दडपणे हे तिचे नुकसानच. म्हणून ती थोडी, सावकाश, नुसती किंवा किंचित पाणी घालून प्यावी. हुर्राक फार टिकत नाही. लिंबू, सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून त्याचा आस्वाद हंगामातच घेतात. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माडाच्या सुरेपासूनही फेणी होते; ती मुख्यतः दक्षिण गोव्यातली.