दुकानाची वेबसाइट, पण कोणाच्या नावावर?

पुण्या-मुंबईचा ग्राहक देवगड हापूसची पेटी आधी मोबाईलवर शोधतो. फेसबुकची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते. वेबसाइटवर भाव, पेटीतले डझन, फोन नंबर सगळं एका जागी राहतं.

गुगलने दुकानदारांना दिलेल्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. नकाशावरची नोंद राहिली, वेबसाइट गेली. त्यामुळे स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलेलं बरं. देवनागरीत ‘.भारत’ने संपणारं नावही मिळतं. मुदत संपण्याआधी पैसे भरून ते रिन्यू करावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. वेबसाइट बनवून देणारा पोरगा बऱ्याचदा डोमेन स्वतःच्याच ईमेलवर घेतो. उद्या त्याने फोन उचलला नाही, की ऐन सीझनला पत्ता गेला! नोंदणी मालकाच्याच नावावर हवी, अन् ओटीपीही त्याच्याच मोबाईलवर यायला हवा.